हरळीची कड कोरताना: आमच्या लॉनच्या एजिंगचा अनुभव

आमचं घर केरीच्या पश्चिम टोकाला आहे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला चिकटून असलेलं गाव. घर रीसेलचं घेतलेलं, त्यामुळे लॉनसुद्धा सेकंडहँडच मिळालं म्हणायचं. आधीचे मालक गवत कापत असतील पण कडेला हात लावत नसावेत, कारण ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंनी गवत काँक्रीटवर चढून बसलेलं, पुढच्या दाराकडे जाणारी पायवाट मधे मधे जेमतेम एका माणसापुरती उरलेली, आणि झाडांचे वाफे कुठे संपतात नि लॉन कुठे सुरू होतं ते मल्चच्या, म्हणजे वाफ्यात पसरतात त्या लाकडाच्या सालपटांच्या, रंगावरून ओळखायचं. लांबून बघितलं तर हिरवंगार, जवळ गेलं की सगळा विस्कोट.

इथल्या लोकांना या कडेचं भलतंच वेड आहे. शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत आधी मोअरचा, म्हणजे गवत कापायच्या मशीनचा, आवाज येतो आणि तो थांबला की एक वेगळाच कर्कश आवाज सुरू होतो, पातं काँक्रीटला घासून जाण्याचा, तो एजरचा, म्हणजे कड कोरायच्या मशीनचा. या कड कोरण्यालाच एजिंग म्हणतात. त्यांचं लॉन बघितलं की कळतं, गवत साधंच असतं पण काँक्रीट आणि गवत यांच्या मधे एक बोटभर काळी रेघ असते, पट्टीने आखल्यासारखी, आणि तेवढ्याने सगळं घर नीटनेटकं वाटायला लागतं. न्हाव्याने केस कितीही छान कापले तरी कल्ले कोरले नाहीत तर माणूस अर्धवटच दिसतो ना, तसंच हे.

आम्हाला जाग आली ती एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, पत्राने. सोबत आमच्याच ड्राइव्हवेचा फोटो आणि अमुक मुदतीत कड साफ करा नाहीतर दंड. हे लोक फोटो काढायला येतात कधी ते मला अजून कळलेलं नाही. बायको म्हणाली, एखाद्या लॉनवाल्याला विचार की. विचारलं. तो आला, पावलं टाकत फूट मोजले, कडेचं गवत बुटाने उचकटून बघितलं, आणि पहिल्यांदा कोरायचे म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि थँक्यू म्हटलं.

त्याच सुमाराला माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, सहा महिन्यांसाठी आलेले. वाळवा तालुक्यात आमची शेती, ऊस आणि सोयाबीन, आयुष्य त्यात गेलेलं, त्यामुळे इथे येऊन टीव्ही बघत बसणं त्यांना शिक्षा वाटायची. पत्राची गोष्ट ऐकून ते बाहेर गेले, ड्राइव्हवेवर उकिडवे बसले आणि काँक्रीटवर आलेला एक वेल धरून ओढायला लागले, तो काही निघेना, मग त्याच्या गाठी बोटाने चाचपल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरं, ही तर हरळी हाय की."

हरळीच. इथे बर्म्युडा म्हणतात, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, तीच आपली हरळी, तीच दूर्वा. आमच्या लॉनला साधी बियाण्याची जात आहे, जरा रुंद पानाची. गोल्फ कोर्सवर असते ती बारीक पानाची संकरित जात, टिफवे ४१९ वगैरे, ती जॉर्जियातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून १९६० मध्ये आली. मी आण्णांना हौसेने सांगितलं की इथले लोक याला पाणी देतात, मे ते ऑगस्ट नायट्रोजन घालतात, जमिनीचं परीक्षण करून चुना टाकतात. आण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जल्म गेला माझा हिच्या काशा येचण्यात, आन तू हिला खत घालतोस व्हय."

पण खरं सांगायचं तर एजिंग समजायला आण्णांच्या त्या वैराचाच उपयोग झाला. हरळी दोन वाटांनी पसरते, वरून वेल पळतात आणि त्यांच्या प्रत्येक गाठीला मूळ फुटतं, आणि खालून जमिनीत काशा जातात, पांढऱ्या, जाड, टोकाला सुईसारख्या, त्या सहा इंच खाली पण सापडतात आणि त्याहूनही खोल. ट्रिमर, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापायचं मशीन, उभा धरून कड साफ करतात ना बरेच जण, त्यात फक्त पानं उडतात, गाठ जागेवर राहते, आणि आठवड्यात पुन्हा तेच, उन्हाळा ऐन भरात असेल तर आठवडा पण लागत नाही. शिवाय दोरी काँक्रीटला लागून सारखी तुटत राहते आणि हात जरा हलला की कड वरखाली होते, कुठे टक्कल पडतं. एकदा कड नीट कोरलेली असेल तर मग ती राखायला ट्रिमर चालतो. कोरायला पातंच पाहिजे.

मी लगेच शनिवारी सुरू करायच्या बेतात होतो, आण्णांनी थांबवलं. आमच्या भागातली माती हा एक वेगळाच विषय आहे. रॅलेकडची माती तांबडी चिकणमाती, पण आम्ही पश्चिमेला ट्रायासिक बेसिनमध्ये, म्हणजे फार जुन्या गाळाच्या खोऱ्यात, येतो आणि इथली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात, घरांच्या फाउंडेशनला पण त्रास देते. आण्णांनी एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं, थुंकी लावून चोळलं, म्हणाले रंगानं तांबडी दिसती पण वागणार काळीवाणी. तेव्हा कोरडं होतं, बऱ्याच दिवसांत पाऊस नव्हता, फावडं मारलं तर खण्ण आवाज येत होता. "वाफसा येऊ दे, मग खण." मग आम्ही वाट बघितली, चांगला पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी मी परत उत्साहाने निघालो तर परत थांबवलं, आता चिखल आहे, पातं फिरवलंस तर कड ढासळेल आणि वाळल्यावर विटेसारखी होईल. मूठभर माती घेऊन लाडू वळायचा आणि अंगठ्याने दाबायचा, लाडू वळला पाहिजे पण दाबल्यावर फुटला पाहिजे, बुटाला चिकटता कामा नये. असा वाफसा यायला आमच्याकडे पावसानंतर दोनतीन दिवस लागतात, सावलीच्या बाजूला जास्त. इथल्या माहितीत सगळीकडे "माती ओलसर असताना करा" एवढंच लिहिलेलं असतं, पण ओलसर म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. हाताने कोरायचं असो नाहीतर मशीनने, वाफसा दोन्हीला लागतो, ओल्या चिकणमातीत मशीनचं गार्ड पार बुजून जातं आणि कोरड्यात हाताचं पातं आत जात नाही.

त्या मधल्या दिवसांत ८११ चं काम उरकलं. अमेरिकेत कुठेही खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा असतो, किंवा ऑनलाइन, फुकट असतं, मग ज्या ज्या कंपन्यांच्या लाइनी जमिनीखालून गेल्यात त्यांची माणसं येऊन रंग मारून आणि झेंड्या लावून जातात. आमच्या राज्यात तीन पूर्ण कामकाजाचे दिवस आधी कळवायचं. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी फोन इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, आणि आमच्याकडे जांभळी झेंडी पण असते, ती प्रक्रिया केलेल्या पाण्याची, बागेला देतात ते. चार इंच खणायला एवढं कशाला असं वाटतं ना, मला पण वाटलं, पण केशरी रेघ बघितली तेव्हा वाटायचं थांबलं, कारण इंटरनेटची फायबर आमच्या ड्राइव्हवेच्या अगदी कडेकडेने गेलेली आहे आणि ही केबल घरापाशी कधी कधी इतकी वरवर पुरलेली असते की फावड्याच्या एका दणक्यात जाते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, तुमच्या स्वतःच्या लाइनी, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप, बागेतल्या दिव्यांच्या वायरी, कुत्र्याचं अदृश्य कुंपण, या ८११ वाले दाखवत नाहीत. स्प्रिंकलर चालू करून प्रत्येक हेडपाशी आम्ही आमचीच एकेक काडी रोवली.

हत्यारं जास्त लागत नाहीत. अर्धचंद्राच्या पात्याचा हाताने चालवायचा एजर, हाफ मून म्हणतात, एक सपाट फावडं, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. नवीन एजरचं पातं बोथट असतं हे दुकानवाला सांगत नाही. आण्णांनी गॅरेजमधल्या टेबलाला तो अडकवला आणि कानशीने एकाच बाजूने धार लावली, विळ्याला लावतात तशी, मागची बाजू सपाट ठेवून. मग म्हणाले आता सूत धर. ड्राइव्हवेची कड तर काँक्रीटचीच आहे, तिथे सूत कशाला, पण गंमत अशी की गवताखाली काँक्रीटची खरी कड कुठे आहे तेच दिसत नव्हतं. दोन टोकांना गवत खरवडून कड शोधली, खिळे ठोकले, सुतळी ताणली.

पातं काँक्रीटला टेकवून सरळ उभं धरायचं, पायाने दाबायचं, मग दांडा डावीउजवीकडे डोलवायचा की ते आत जातं, मग अर्ध्या पात्याएवढं पुढे सरकून परत. ओढायचं नाही. पहिले दहाबारा फूट हात बसेपर्यंत वेळ लागतो, मग लय येते. हरळीच्या काशा तुटताना पायाला कळतं, कट्ट कट्ट असं, जाड सुतळी तुटल्यासारखं. एक लांबण कापून झाली की सपाट फावडं काँक्रीटवर आडवं ठेवून गवताखाली सरकवायचं आणि तो अख्खा पट्टा उचलायचा. पहिला पट्टा उचलला तेव्हा आम्ही दोघं बघतच राहिलो. खाली चारपाच इंच काँक्रीट होतं. म्हणजे आमचा ड्राइव्हवे दोन्ही बाजूंनी तेवढा रुंद होता आणि आम्हाला पत्ताच नाही, गाडीतून उतरताना मी इतके दिवस गवतात पाय ठेवत होतो. ते झाकलेलं काँक्रीट वेगळ्याच रंगाचं, पिवळट, त्यावर मुळांची नक्षी उमटलेली, बारीक जाळं, आणि एका जागी कुणाच्या तरी पोराची निळी गोटी. पट्ट्याच्या पोटाला गांडुळं लोंबत होती.

दुसरी गोष्ट पुढच्या पावसात कळली. आधी पाऊस पडला की गॅरेजच्या तोंडाशी पाणी साठायचं आणि मी समजत होतो की उतारच चुकीचा आहे. तसं नव्हतं. कडेला वर्षानुवर्षं गवत आणि माती साठून एक बांधच झाला होता, काँक्रीटपेक्षा उंच, पाणी जाणार कुठे. कड कोरली तसं पाणी वाहून जायला लागलं. नुसत्या दिखाव्याचं काम म्हणून मी याला नाक मुरडायचो, हे बघितल्यावर बंद केलं.

लाल मुंग्यांबद्दल सांगून ठेवतो. इथे फायर अँट्स असतात आणि त्यांना काँक्रीटची ऊब आवडते, त्यामुळे वारूळ बरेचदा अगदी कडेलाच असतं, वरून नुसती भुसभुशीत माती दिसते, भोक वगैरे काही नाही. पायाने डिवचलं की शेकड्याने बाहेर येतात आणि चावलं की दुसऱ्या दिवशी पांढरा फोड. आण्णांनी लांबूनच ओळखलं, म्हणाले तेवढं सोडून पुढं चल. दाणेदार औषध टाकून तो तुकडा नंतर केला. फुल पँट आणि बूट घालूनच हे काम करायचं, चपलेवर नाही.

ड्राइव्हवे हाताने झाला, पण फुटपाथ आणि रस्त्याकडचा कर्ब मिळून लांबी खूप होती, तिथे मी बॅटरीवाला स्टिक एजर आणला. लांब दांडा, टोकाला आठ इंची उभं पोलादी पातं, बाजूला छोटं चाक. चाक काँक्रीटवर ठेवून चालत जायचं. खोली आधी कमी ठेवायची, इंचभर, एकदा सगळी कड फिरून झाली की मग वाढवायची. पहिल्याच फेरीत दोन इंच घातलं तर हरळी पात्याला गुंडाळते आणि मशीन दम टाकतं. काँक्रीटला घासलं की ठिणग्या उडतात, थोडं घासतंच, पण आपण मुद्दाम दाबून चालवलं तर पातं भराभर झिजतं. आणि खडे उडतात हो, गोळीसारखे, शेजारच्याची गाडी उभी असेल तर तिथे थांबायचं, पोरांना घरात पाठवायचं. आण्णांना हे मशीन काही आवडलं नाही. आवाज फार आणि कड बघायला गेलं तर हाताने कोरल्याइतकी खोल नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिल्यांदा कोरताना हात, नंतर राखायला मशीन, मला हे वाटून घेतलेलं बरं वाटतं. ज्यांची पाठ दुखते त्यांनी सगळंच मशीनने करावं, काही बिघडत नाही.

पायवाटेचं काम आण्णांनी माझ्याकडून काढून घेतलं. ती पायवाट काँक्रीटच्या चौकोनांची आहे, दोन चौकोनांच्या मधे सांधा असतो, आणि त्या सांध्यात हरळी शिरली होती. तिथे कुठलाच एजर चालत नाही. आण्णांनी येताना बॅगेत खुरपं आणलेलं, घरचं, लोहाराकडून करून घेतलेलं, आम्ही त्यांना हसलो होतो. सांध्यात खुरप्याचं टोक घालायचं, काशी खालून उचलायची, आणि दोन बोटांत धरून हळूहळू ओढायची, झटका द्यायचा नाही, झटका दिला की तुटते आणि आतला तुकडा परत फुटतो. एकदा त्यांनी हातभर लांब काशी अख्खी काढली आणि ती घेऊन घरात आले, बायकोला दाखवायला. नंतर त्या सांध्यांत आम्ही पॉलिमरची वाळू भरली, ती पाणी मारलं की घट्ट होते. पूर्ण थांबत नाही, कमी होतं.

आता वाफे. इथे खरा वाद झाला आमचा. आण्णांना सगळं सरळ पाहिजे होतं, काटकोनात, बांध घातल्यासारखं, आणि बायकोला गोलाई पाहिजे होती. गोलाईसाठी बागेचा पाइप उन्हात टाकून ठेवायचा, तापला की मऊ होतो, मग जमिनीवर हवा तसा वळवायचा आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघायचं. बायको वरून सांगतेय अजून थोडं बाहेर, आण्णा खाली पाइप सरकवतायत आणि पुटपुटतायत, असा बराच वेळ कार्यक्रम चालला. एवढंच बघायचं की वळण मोठं आणि सावकाश पाहिजे, नागमोडी नाही, मोअर जिथून एका दमात वळणार नाही तिथे दर वेळी हाताने कापत बसावं लागतं. शेवटी पुढचे दोन वाफे गोल झाले आणि बाजूचा, जिथे आण्णांनी वांगी आणि मिरच्या लावल्या, तो सरळ.

वाफ्याच्या कडेला आम्ही काही बसवलं नाही, नुसता चर काढला. लॉनच्या बाजूने चार इंच खोल सरळ उभा काप, आणि वाफ्याच्या बाजूने तिरपा उतार, म्हणजे चराचा आकार अर्ध्या व्ही सारखा. निघालेली माती झाडून वाफ्यातच टाकली, काशा वेचून. मग मल्च दोनतीन इंच, चराच्या तळाशी अगदी पातळ, आणि झाडाच्या बुंध्याला टेकवायचं नाही, बुंधा कुजतो. हरळीचा वेल लॉनकडून निघाला की त्या उभ्या भिंतीवरून खाली लोंबतो आणि हवेत दिसतो, दिसला की कापायचा. काशी पण त्या भिंतीतून पांढरं टोक बाहेर काढते. म्हणजे चर हरळीला अडवत नाही, ती कुठून येतेय ते दाखवतो, आणि माझ्या मते त्यातच सगळं आलं.

प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या मिळतात ना रोलमध्ये, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. आधीच्या मालकांनी मागच्या वाफ्याला लावलेली होती, आमची माती फुगून आकसून ती वर आलेली, वाकडी, दोन जागी मोअरच्या पात्याने फाटलेली, आणि हरळी तिच्या खालूनही गेलेली आणि वरूनही. पोलादी पट्टी त्यापेक्षा बरी, दिसते पण छान, पण चार इंची पट्टी हरळीच्या काशांना पुरत नाही. पैसे घालायचेच असतील तर विटांची आडवी रांग जमिनीच्या पातळीला बसवावी, मोअरचं चाक त्यावरून जातं आणि कडेचं गवत आपोआप कापलं जातं. आमच्या शेजारी टॉल फेस्क्यू नावाचं दुसरं गवत आहे, ते झुपक्याने वाढतं, पळत नाही, त्यांना काहीही चालतं. ज्यांच्याकडे फेस्क्यू आहे त्यांनी माझं निम्मं रडगाणं सोडून द्यावं.

काहीजण कडेने ग्लायफोसेट, म्हणजे तणनाशक, मारून मोकळे होतात. मरतं गवत, पण मग ड्राइव्हवेला लागून एक तपकिरी पट्टा राहतो, पाऊस आला की तिथली माती वाहते, आणि दिसायला न कोरलेल्या कडेपेक्षा वाईट. आम्ही नाही मारत, त्याचं अजून एक कारण आहे ते खाली येईलच.

निघालेला कचरा डोंगराएवढा होता. तो कंपोस्टमध्ये टाकायचा नाही हे आण्णांनी मला दोनदा बजावलं, काशीचा बोटभर तुकडा पुरतो. गावाकडे उन्हाळ्यात नांगरट झाली की काशा वेचून बांधावर न टाकता वाळवून जाळतात. इथे जाळायची सोय नाही, मग त्यांनी सगळं ड्राइव्हवेवरच पातळ पसरलं, काँक्रीट भाजत होतं, दिवसभरात खुळखुळं वाळलं, माती झटकून परत लॉनमधल्या खड्ड्यात भरली आणि बाकीचं टाऊनच्या गाडीला दिलं, ती पालापाचोळा वेगळा नेते. एक मात्र पाळायचं, कड कोरून झाल्यावर ब्लोअरने, म्हणजे हवेच्या झोताने कचरा उडवायच्या मशीनने, सगळं रस्त्यावर आणि तिथून पावसाच्या गटारात लोटतात लोक, ते करू नका. ते पाणी कुठे साफ होत नाही, ओढ्यातून थेट तलावात जातं, आमच्या बाजूचं जॉर्डन लेकला, आणि आमच्या नळाचं पाणी तिथूनच येतं. ब्लोअरचं तोंड लॉनकडे करायचं, पुढच्या कापणीत मोअर उचलून घेतो. म्हणूनच मी आधी कड कोरतो आणि मग लॉन कापतो. उलटं करणारे पण आहेत.

आता बसलेलं वेळापत्रक असं, हरळी नोव्हेंबरच्या आसपास गोठलेलं दव पडलं की पिवळी पडते आणि एप्रिलमध्ये हिरवी होते, तर मोठं काम, म्हणजे चर परत खोल करणं, कड हाताने सरळ करणं, हे फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं, गवत झोपलेलं असतं, मातीत ओल असते, मुंग्या मंद असतात. मे ते सप्टेंबर दर दुसऱ्या कापणीला स्टिक एजर. जूनजुलैमध्ये वाफ्यांच्या चरावरून एक फेरी कात्री घेऊन, चहा पिता पिता होते. पहिल्यांदा जे कंबरडं मोडणारं काम वाटलं होतं ते आता मोअर बाहेर काढला की त्यातच उरकतं, फक्त मधे महिनाभर सोडलं तर परत पातं घ्यावं लागतं.

अपवाद एकच, मेलबॉक्सपाशी ड्राइव्हवेच्या कोपऱ्याला हातभर कड मी जुलैनंतर कोरत नाही. गणपती. लॉनमधली हरळी सारखी कापून कापून आखूड असते, दूर्वा खुडायला तिथे काही हाताला लागत नाही, आणि काँक्रीटवर पळत आलेल्या वेलांची टोकं मात्र लुसलुशीत, तीन पानांची, अगदी हवी तशी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, हरळी ऐन भरात, तर आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांच्या जुड्या त्या कोपऱ्यातून गेल्या. इंडियन ग्रोसरीत दूर्वांचं पाकीट मिळतं, महाग आणि कोमेजलेलं. बाकी लोकांच्या लॉनमधल्या घ्यायच्या तर तिथे काय काय फवारलेलं असतं कुणास ठाऊक. एचओएचं अजून त्या कोपऱ्याबद्दल पत्र आलेलं नाही, आलं तर काय उत्तर द्यायचं ते बायकोने ठरवून ठेवलंय.

एक भानगड मात्र सुटलेली नाही. डाव्या हाताला शेजाऱ्यांचं फेस्क्यू आणि आमची हरळी यांच्या मधे ना काँक्रीट ना वाफा, नुसती सरळ हद्द, आणि आमची हरळी दर उन्हाळ्यात त्यांच्या हद्दीत जाते. हिवाळ्यात तर उघडच पडतं, त्यांचं हिरवं आणि त्यात आमची पिवळी जीभ शिरलेली. शेजारचे आजोबा रिटायर्ड आहेत, फार सज्जन, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, पण हद्दीपाशी येऊन ते जीभ किती फूट आली ते पायाने मोजतात हे मी खिडकीतून बघितलंय. आण्णांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले बांधाची भांडणं तिकडं बी हायतच की, चर मार मधनं, फूटभर रुंद. आजोबांना विचारलं, त्यांना पटलं, खर्च निम्मा निम्मा, मल्च ते आणणार आणि खणणार मी. येत्या फेब्रुवारीत पाऊस झाला की वाफसा बघून सुरू करायचं, त्याआधी ८११ ला कळवायचंय, कारण त्या हद्दीवरूनच पिवळी रेघ जाते असं मला आठवतंय.